हेडफोनची परीक्षा जॅझच्या तासाला

घाटंजीच्या एका शिक्षकांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्यांना जुने जॅझ संगीत ऐकण्याची आवड लागली होती आणि त्यासाठी हेडफोन घ्यायचा होता. दुकानदाराने ‘जास्त बास’ असलेला हेडफोन सुचवला. त्यांचा प्रश्न असा : जॅझ ऐकण्यासाठी वेगळा हेडफोन लागतो का? लागत असेल तर त्यात नेमके काय असावे लागते?

प्रश्न छंदाचा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना ध्वनिशास्त्रातला बराच भाग उजळून निघतो. शिवाय त्याचा संबंध आपल्या विद्यार्थ्यांच्या कानांच्या आरोग्याशी आहे. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

जॅझ हे आपल्याला वाटते तितके परके नाही. अमेरिकी वादक लिऑन अ‍ॅबी याचा वाद्यवृंद १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. तेथे आणि मुंबईतील इतर हॉटेलांत गोव्याचे अनेक वादक हे संगीत शिकले व वाजवू लागले. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले हे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. त्यांपैकी ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होते. पुणतांब्यात जन्मलेले आपले रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांचे ते साहाय्यक होते. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या कानांवरून जॅझची वळणे नकळत गेलेली आहेत. १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. त्यात सॉनी रॉलिन्ससारखा नामवंत सॅक्सोफोनवादक आला होता.

आता हेडफोनकडे वळू या.

जॅझमध्ये कानाला काय काय ऐकायचे असते?

जॅझचा लहान वाद्यवृंद चार-पाच जणांचा असतो. एक डबल बेस : माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, व्हायोलिनच्या आकाराचे वाद्य. जॅझमध्ये त्याच्या तारा बहुधा गजाने न वाजवता बोटांनी छेडतात. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे तिची वारंवारता ४१ हर्ट्झ. पियानोच्या मूळ स्वरांचा पल्ला २७.५ हर्ट्झपासून सुमारे ४,१८६ हर्ट्झपर्यंत जातो. ट्रंपेटचे मूळ स्वर साधारण १६५ हर्ट्झपासून १,००० हर्ट्झच्या थोडे वरपर्यंत असतात. पण प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे स्वरही निघतात आणि ट्रंपेटची झळाळी त्यांच्यामुळेच असते. ड्रमवाल्याजवळ काशाची झांज असते. तिचा आवाज एका स्वराचा नसतो. काही शे हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झच्या पुढेपर्यंत तो पसरलेला असतो. कधी तो काठीऐवजी बारीक तारांच्या कुंचल्याने ड्रमचे कातडे नुसते घासतो. सुपात धान्य घोळवताना होते तशी ती सळसळ असते.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे या चार-पाच वाद्यांनी आपल्या श्रवणाचा जवळजवळ सगळा पट्टा व्यापला. त्यातही सर्वांत खालच्या टोकाचा डबल बेस आणि सर्वांत वरच्या टोकाची झांज हे दोघे मिळून ठेका धरतात. मधली वाद्ये त्या ठेक्यावर मोकळेपणाने खेळतात. चित्रपटगीतात गायकाचा आवाज स्पष्ट आला की बहुतेकांचे समाधान होते. जॅझमध्ये मात्र दोन्ही टोके एकाच वेळी आणि प्रमाणात ऐकू यावी लागतात.

जॅझ नसेल तर यासाठी आपल्याकडची खंजिरी घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भाच्या गावागावांत ती पोचली आहे. खंजिरीत कातड्याची थाप आणि धातूच्या चकत्यांची किणकिण एकाच हातातून निघते. चांगल्या हेडफोनवर दोन्ही वेगवेगळ्या कळतात. वाईट हेडफोनवर एक तर थाप घुमते आणि किणकिण बुडते, किंवा किणकिण टोचते आणि थाप पोकळ वाटते.

चार सेंटिमीटरचा पडदा आणि आठ मीटरची लाट

४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी काढू. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ३४३ ÷ ४१ = सुमारे ८.४ मीटर. वर्गखोलीच्या लांबीएवढी ही लाट हेडफोनमधला चार सेंटिमीटर व्यासाचा पडदा कशी निर्माण करतो?

हेडफोनची रचना साधी आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते. ते पातळ पडद्याला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की पडदा पुढे-मागे हलतो. असा पडदा मोकळ्या हवेत हलला तर पुढच्या बाजूने दाबलेली हवा कडेने वळून मागच्या विरळ हवेत जाते आणि दोन्हींचा परिणाम पुसला जातो. मंद कंपनांना असे वळायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून खालचे स्वर नाहीसे होतात.

आता प्लास्टिकची सिरिंज घ्या. सुई काढून टाका, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या थोडा दाबा. बोटाला दाब लगेच जाणवतो. येथे लाट निर्माण झालेली नाही. बंद जागेतली हवा सरळ दाबली गेली आहे. हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसली की कान आणि पडदा यांच्यामध्ये अशीच एक बंद कुपी तयार होते. पडद्याची थोडी हालचालही कर्णपटलापर्यंत दाब पोचवते. आठ मीटरची लाट निर्माण करण्याची गरजच उरत नाही.

आता बोट किंचित सैल करा. दट्ट्या सावकाश दाबला तर हवा फटीतून निघून जाते, बोटाला काही जाणवत नाही. पण झटक्याने दाबला तर दाब जाणवतो. सावकाश म्हणजे कमी वारंवारता, झटका म्हणजे जास्त वारंवारता. गादीला फट राहिली की डबल बेस जातो आणि झांज राहते, त्याचे कारण हेच. चष्म्याच्या काड्या, दाट केस किंवा झिजलेली गादी एवढ्यानेही ही फट पडते. म्हणून जॅझसाठी पहिली अट : हेडफोन कानावर घट्ट न आवळता पण फट न ठेवता बसला पाहिजे. कानात घालायच्या इअरफोनसोबत तीन मापांची रबरी बोंडे मिळतात. ती वापरून पाहिल्याशिवाय ‘याला बास नाही’ असा निकाल देऊ नये.

मागून जाळीदार असलेले, ‘उघडे’ हेडफोनही असतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने असा हेडफोन १९६८ साली बाजारात आणला. त्यांत आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे शांत खोलीत जॅझ ऐकणाऱ्यांना ते फार आवडतात. मात्र सर्वांत खालचे स्वर त्यांत बहुधा कमी असतात आणि बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो.

‘सपाट’ हेडफोन सपाट का नसतो?

सर्व वारंवारता सारख्याच जोराने वाजवणारा हेडफोन सर्वांत चांगला, असे आपल्याला वाटेल. पण कानाची स्वतःची एक रचना आहे. कर्णनलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असून तिचे एक टोक कर्णपटलाने बंद असते. बारावीच्या प्रयोगशाळेतील अनुस्पंदन नलिकेसारखीच ही नलिका आहे. एक टोक बंद असलेल्या नलिकेत तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी लांबी असताना अनुस्पंदन होते. म्हणजे तरंगलांबी १० सेंटिमीटर आणि वारंवारता ३४३ ÷ ०.१ = ३,४३० हर्ट्झ. प्रत्यक्षातही ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी कर्णपटलापाशी १० डेसिबेलहून अधिक वाढलेले आढळतात. जन्मापासून आपण जग याच कानाने ऐकतो, म्हणून ही वाढ आपल्याला ‘नैसर्गिक’ वाटते.

इअरफोनचे बोंड नलिकेत घातले की तिचे उघडे तोंड बंद होते आणि हे अनुस्पंदन बदलते. हरवलेली वाढ मग इअरफोन बनवणाऱ्याला परत द्यावी लागते. कमी दिली तर ट्रंपेट घोंगडीखाली वाजवल्यासारखा येतो. जास्त दिली तर दोन मिनिटांत कान दुखू लागतात. हर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ नंतरच्या वर्षांत अनेक श्रोत्यांवर प्रयोग केले. हेडफोनचे नाव व किंमत न सांगता त्यांना संगीत ऐकवले. चांगले ध्वनिवर्धक खोलीत ठेवून ऐकल्यावर कानाशी जे प्रमाण येते, त्याच्या जवळ जाणारे हेडफोन बहुसंख्यांनी पसंत केले. त्या प्रमाणात खालचे स्वर थोडे उचललेले असतात आणि ३,००० हर्ट्झपाशी एक उंचवटा असतो.

जास्त बास म्हणजे चांगला बास नव्हे

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त हेडफोनांत १०० ते २०० हर्ट्झचा भाग खूप फुगवलेला असतो. ढोल-ताशाच्या गाण्यात तो क्षणभर सुखावतो. जॅझमध्ये मात्र डबल बेस ठोक्यागणिक एक स्वर टाकत ‘चालत’ असतो. मिनिटाला २०० ठोके अशी लय असेल तर प्रत्येक स्वराला ०.३ सेकंद मिळतात. त्या वेळात स्वर उमटून पुढच्याला जागा द्यायची असते. झोपाळा ढकलणे थांबवले तरी तो काही वेळ हलत राहतो. हेडफोनचा पडदा आणि कुपी त्यांच्या स्वतःच्या वारंवारतेला तशाच घुमत राहिल्या तर एक स्वर दुसऱ्यावर सांडतो. मग चाल ऐकू येत नाही, नुसता घूं ऐकू येतो.

दुसरी अडचण कानाची आहे. मोठा खालचा स्वर आपल्या वरच्या बाजूच्या हळू स्वरांना झाकतो. उलट परिणाम त्या मानाने कमी असतो. म्हणून फुगवलेला बास पियानोवरचा डावा हात आणि कुंचल्याची सळसळ गिळून टाकतो.

झांजेच्या ठोक्यांतही बारकावा आहे. जॅझमधली ‘स्विंग’ म्हणजे एका ठोक्याचे एक लांब व एक आखूड असे दोन असमान भाग करणे. स्वीडनमधील अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम यांनी २००२ साली ड्रमवादकांच्या झांजेचे ध्वनिमुद्रण मोजले. लय संथ असता लांब भाग आखूड भागाच्या तिपटीहून अधिक, तर अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ समान, असे त्यांना आढळले. मध्यम व द्रुत लयीत आखूड भाग सुमारे ०.१ सेकंदापाशी स्थिर राहत होता. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत ०.३ सेकंदांचे ०.२ आणि ०.१ असे वाटे होतात. जॅझचा सगळा झोका या एक दशांश सेकंदात आहे. झांजेचा ठोका स्वच्छ उमटला नाही तर संगीत ऐकू येईल, पण झोका हरवेल.

डावे-उजवे

समोर उजव्या बाजूला कोणी टाळी वाजवली तर आवाज दोन्ही कानांना पोचतो. डाव्या कानाला तो जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा दबलेला पोचतो. या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला मिळतच नाही. १९५०-६०च्या दशकांतील पुष्कळ जॅझ ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे ठेवलेले असतात. स्टीरिओ तबकड्या १९५८च्या सुमारास बाजारात येऊ लागल्या तेव्हा त्या ध्वनिवर्धकांवर ऐकण्यासाठी होत्या. हेडफोनवर त्या डोके दुभंगल्यासारख्या वाटतात. यावर उपाय म्हणून एका बाजूचा आवाज किंचित उशिराने आणि दबवून दुसऱ्या बाजूला मिसळण्याचे मंडल बेंजामिन बाउअर यांनी १९६१ साली सुचवले. आज मोबाइलवरची काही संगीत-अ‍ॅप्स हेच काम करतात. चिक चॉकलेटच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र एकमार्गी होत्या. दोन्ही कानांना तेच मिळते, त्यामुळे सगळा वाद्यवृंद डोक्याच्या मध्यभागी बसल्यासारखा वाटतो. हा हेडफोनचा दोष नव्हे.

खरा प्रश्न : आवाज किती मोठा?

जॅझमध्ये डबल बेस एकटा वाजू लागला की आवाज अगदी खाली येतो आणि मग अचानक ट्रंपेट उठतो. या दोहोंत ३० डेसिबेलचा फरक असू शकतो, म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत १,००० पट. बस किंवा मोटारसायकलच्या गोंगाटात बेस ऐकू येईना म्हणून श्रोता आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी ट्रंपेट त्याच वाढलेल्या आवाजात कानात शिरतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित श्रवणाचे मानक दिले. प्रौढांसाठी ८० डेसिबेल आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबेल ४० तास. दर ३ डेसिबेल वाढीला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा : ८३ला २० तास, ८६ला १० तास, ८९ला ५ तास.

हिशेब करून पाहू. समजा, एक महाविद्यालयीन विद्यार्थी रोज घाटंजीहून यवतमाळला एस.टी.ने जातो. जाऊन-येऊन अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५ तास. बसमधला गोंगाट ७६ डेसिबेल धरू. त्याच्यावर स्पष्ट ऐकू यावे म्हणून तो संगीत १० डेसिबेल वर ठेवतो : ८६ डेसिबेल. मर्यादा १० तासांची, ऐकणे १५ तासांचे. वर्षानुवर्षे असे चालले तर आंतरकर्णातील रोमपेशींची हानी होते. या पेशी प्रत्येक कानात सुमारे १५,००० असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हानी बहुधा वरच्या वारंवारतांपासून सुरू होते. म्हणजे आधी झांज जाते, मग बोलण्यातले स, श, फ हे वर्ण अस्पष्ट होऊ लागतात. वर्गात मागच्या बाकावरून ‘काय म्हणालात?’ असे वारंवार विचारणाऱ्या मुलाकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

आता त्याच विद्यार्थ्याने नीट बसणारे बोंड वापरले आणि गोंगाट १५ डेसिबेलने कमी झाला असे धरू. कानाशी ६१ डेसिबेल गोंगाट उरला. संगीत ७१वर ठेवले तरी तेवढेच स्पष्ट ऐकू येते. ७१ डेसिबेल मुलांच्या मर्यादेच्याही खाली आहे.

येथे दोन गोष्टी एकत्र येतात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे स्वर विशेषच कमी ऐकू येतात. म्हणूनच फट न ठेवता बसणारा आणि खालचे स्वर जरासे उचललेला हेडफोन हळू आवाजातही पूर्ण वाटतो. जॅझसाठी चांगला हेडफोन म्हणजे ज्यावर आवाज न वाढवता सगळे ऐकू येते तो. तो कानालाही चांगला असतो, हे सांगायला नकोच.

एक धोक्याची सूचना : गोंगाट अडवणारा इअरफोन रस्त्यावर चालताना किंवा वाहन चालवताना घालू नये. तो हॉर्नही अडवतो.

विकत घेताना

किंमत हा भरवशाचा निकष नाही. जेरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. वारंवारतांचे प्रमाण आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. मोठ्या शक्तीच्या आकड्यांनाही भुलू नये. वेष्टनावर ‘१०० डेसिबेल प्रति मिलिवॉट’ असे लिहिले असेल, तर ७० डेसिबेलला ३० डेसिबेल कमी, म्हणजे मिलिवॉटचा एक हजारावा भाग, म्हणजेच वॉटचा एक दशलक्षांश भाग पुरतो. मोबाइलला ही शक्ती देणे मुळीच कठीण नसते.

ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्या, आवाज हळू ठेवा आणि चार गोष्टी पाहा : बेसचे स्वर एकेक मोजता येतात का, झांजेचा ठोका आणि तिची मागची सळसळ वेगळी कळते का, ट्रंपेट टोचतो का, आणि अर्ध्या तासाने हेडफोन काढावासा वाटतो का.

तेव्हा आमच्या शिक्षकमित्रांना उत्तर असे : जॅझसाठी वेगळा हेडफोन लागत नाही. जो जॅझमध्ये उत्तीर्ण होतो तो भजनातही होतो आणि नाट्यगीतातही. जॅझ हा फक्त कडक परीक्षक आहे.

वर्गात करून पाहा

१. हेडफोनवर बेस स्पष्ट असलेले संगीत लावा. गादी कानापासून दोन-तीन मिलिमीटर उचला. कोणते वाद्य नाहीसे होते, कोणते राहते? सिरिंजचा प्रयोग आठवून कारण लिहा.

२. शांत खोलीत मोबाइलचा आवाज सोयीस्कर वाटेल इतका ठेवा व पायरी नोंदवा. मग पंखा पूर्ण वेगाने लावा, नंतर रस्त्याच्या कडेला बसा. प्रत्येक वेळी किती पायऱ्या वाढवाव्याशा वाटल्या? बोंडाचे माप बदलून पुन्हा पाहा.

३. मोबाइलचा चिमुकला ध्वनिवर्धक ४१ हर्ट्झ वाजवू शकत नाही, तरी बेसचा स्वर कोणता ते ओळखता येते. ८२, १२३, १६४ या वारंवारतांवरून मेंदू काय ताडत असेल?

४. आपण आठवड्यात किती तास इअरफोन लावतो याची प्रत्येक विद्यार्थ्याने सात दिवस नोंद ठेवावी. ७५ डेसिबेलला ४० तास ही मर्यादा धरून ७८, ८१ आणि ८४ डेसिबेलला किती तास मिळतील ते काढा आणि आपल्या नोंदीशी ताडून पाहा.